फेकर : सहा जगज्जेतेपदं आणि मधली सात वर्षं

मिडलेन_मराठी | १० नोव्हेंबर २०२५

काल चेंगडूत टी१ नं केटी रोल्स्टरला ३-२ असं हरवलं. १-२ असे मागे पडले होते, तिथून चौथा आणि पाचवा डाव काढला. ली सांग-ह्योक, म्हणजे फेकर, सहाव्यांदा लीग ऑफ लेजंड्सचा जगज्जेता झाला. टी१ चं हे सलग तिसरं विजेतेपद, आणि सलग तीन आजवर कुठल्याच संघाला जमलेली नव्हती. शेवटचा डाव संपला तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी होतं. घरी बायकोनं विचारलं काय झालं, तर मला दोन वाक्यांत सांगता येईना. म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

हा खेळ न खेळलेल्यांसाठी थोडक्यात: दोन संघ, प्रत्येकी पाच गडी. प्रत्येक जण डावाआधी एक पात्र निवडतो. नकाशावर तीन वाटा, मध्ये जंगल, दोन टोकांना दोन तळ. समोरच्याचा तळ पाडला की डाव जिंकला. साधारण अर्ध्या तासाचा डाव. फेकर मधल्या वाटेवर, म्हणजे मिड लेनला खेळतो. तिथे समोरचा गडी आणि तू, असं सतत समोरासमोर असतं, आणि जंगलातून कधीही तिसरा येऊन पाठीत वार करू शकतो.

जन्म ७ मे १९९६, सोल. वडील आणि आजीच्या हाताखाली धाकट्या भावाबरोबर वाढला. कोरियात लीग आलं २०११ च्या शेवटी. हा पंधरा वर्षांचा. थोड्याच काळात देशाच्या रँक यादीत इतका वर गेला की 'गोजनपा' नावाचा हा मुलगा कोण, असं व्यावसायिक खेळाडू एकमेकांना विचारू लागले. २०१३ च्या सुरुवातीला एसके टेलिकॉमच्या संघानं (एसकेटी, म्हणजे आजचा टी१) त्याला घेतलं आणि त्यानं शाळा सोडली.

पहिला सामना ६ एप्रिल २०१३. समोर सीजे एन्टस ब्लेझ, आणि मिड लेनला ॲम्बिशन, तेव्हाचा नावाजलेला, घट्ट खेळणारा गडी. त्याला मिडवर एकट्यानं कोणी मारत नाही, अशी त्याची ख्याती. सतरा वर्षंही पूर्ण न झालेल्या फेकरनं निडाली नावाचं पात्र घेतलं आणि काही मिनिटांत त्याला भाला फेकून एकट्यानं मारला. ॲम्बिशनचं नाव लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

त्याच उन्हाळ्यात कोरियन स्पर्धेची अंतिम फेरी केटीच्या संघाशी. ०-२ वरून २-२. पाचव्या डावात दोन्हीकडे तेच पात्र, झेड. समोर र्‍यू. फेकरचं आयुष्य जेमतेम उरलेलं, र्‍यूचं भरपूर. प्रत्येकाला वाटलं गेला हा. पुढच्या दोन-तीन सेकंदांत फेकरनं सगळे वार चुकवले आणि उलट र्‍यूला मारलं. मी तेव्हा पुण्यात इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला होतो. हॉस्टेलच्या एका खोलीत आठ जण एका लॅपटॉपवर ती चित्रफीत पुन्हा पुन्हा बघत होतो. काल समोर परत केटीच होते. बारा वर्षांनी.

२०१३, २०१५, २०१६. वीस वर्षांच्या वयात तीन जगज्जेतेपदं. इथवरची गोष्ट सगळ्यांना माहीत असते. मला लिहायचंय ते यानंतरच्या सात वर्षांबद्दल.

४ नोव्हेंबर २०१७, बीजिंगचं 'बर्ड्स नेस्ट' मैदान. समोर सॅमसंग गॅलेक्सी. आदल्याच वर्षी याच संघाला एसकेटीनं अंतिम फेरीत ३-२ हरवलं होतं. या वेळी ०-३. तिसऱ्या डावात रूलर नावाच्या त्यांच्या तरुण गड्यानं झेप घेऊन फेकरला साखळीत अडकवलं, आणि तिथेच सगळं संपलं. त्या संघाचा कप्तान कोण? ॲम्बिशन. मिड सोडून जंगलात खेळायला शिकलेला, वय वाढलेला तोच ॲम्बिशन. साडेचार वर्षांपूर्वी ज्याला हरवून फेकरची कारकीर्द सुरू झाली, त्याच्या हातात चषक, आणि फेकर टेबलावर हातांत तोंड खुपसून रडत होता. सोबती पाठीवर हात ठेवून उभे होते. तो उठत नव्हता.

२०१८ ला संघ जागतिक स्पर्धेसाठी पात्रच ठरला नाही. फेकरला काही सामन्यांत बाकावर बसवलं. २०१९ ला उपांत्य फेरीत जीटू संघाकडून हार. २०२० ला पुन्हा अपात्र, पुन्हा बाक, या वेळी एका पोरसवद्या खेळाडूसाठी. २०२१ उपांत्य फेरीत हार. २०२२ च्या वसंतात देशांतर्गत साखळीत अठराच्या अठरा सामने जिंकले, आणि तरी त्याच वर्षी दोन मोठ्या अंतिम फेऱ्या २-३ नं गमावल्या. दुसरी सॅन फ्रान्सिस्कोत, डीआरएक्सकडून. त्या संघात डेफ्ट होता, फेकरच्याच मापो हायस्कूलमधला, त्याच्याच वयाचा, आयुष्यभर हा चषक हुकलेला. त्या रात्री टी१ चा केरिया हमसून हमसून रडत होता आणि फेकर त्याला धीर देत होता. २०१७ ला जो स्वतः उठू शकत नव्हता, तो.

चीनकडून, अमेरिकेकडून मोठमोठ्या ऑफर आल्या. गेला नाही. एकाच संघात तेरा हंगाम. या खेळात दर दोन-तीन आठवड्यांनी नवा पॅच, म्हणजे खेळातच बदल, येतो, काल शिकलेलं आज निरुपयोगी होतं. तो आला तेव्हा सव्वाशेच्या आत पात्रं होती, आज १७० च्या आसपास आहेत. क्रिकेटमध्ये दर पंधरवड्याला खेळपट्टीची लांबी बदलली तर सचिन चोवीस वर्षं खेळला असता का, असा विचार करून बघा. (सचिनवर माझंही प्रेम आहे, कृपया गैरसमज नको.)

तुम्ही कोणी बघता का? लिहा.

---

पाचवा_गडी | १० नोव्हेंबर २०२५

छान लिहिलंय दादा. २०२३ राहिलं ते मी भरतो, कारण तुमचं रूलरचं सूत्र तिथे पूर्ण होतं.

बुसानला उपांत्य सामना, समोर चीनचा जेडीजी. त्या वर्षी त्यांनी आधीचं सगळं जिंकलेलं, आणि हा चषक मिळाला असता तर एका वर्षात सगळं जिंकणारा पहिला संघ ठरले असते. त्यांच्याकडून कोण खेळत होता? रूलर. १-१ अशी बरोबरी, तिसरा डाव हातातून निघालेला. फेकर अझिर नावाचं पात्र खेळत होता. एका क्षणी तो समोरच्यांच्या मागून आत घुसला आणि सैनिकांच्या भिंतीनं रूलरला ढकलून स्वतःच्या संघासमोर आणून टाकलं. सहा वर्षांपूर्वी बीजिंगला रूलरनं त्याला पकडलं होतं, या वेळी त्यानं रूलरला. डाव फिरला, सामना ३-१. आठवड्यानं सोलच्या गोचॉक डोममध्ये वेईबोला ३-० हरवून सात वर्षांनी चषक.

---

हान_नदीकाठी | १० नोव्हेंबर २०२५

मी सुवॉनला राहते, नोकरीनिमित्त सहा वर्षं झाली. १९ नोव्हेंबर २०२३ ला मी ग्वांगह्वामुन चौकात होते. डोमची तिकिटं मिळणं शक्यच नव्हतं, म्हणून शहरानं चौकात मोठे पडदे लावले होते. हाडं गोठवणारी थंडी. माझ्या शेजारी शाळकरी मुली होत्या, आणि एक साठीच्या बाई, मांडीवर पांघरूण घेऊन. मी मोडक्यातोडक्या कोरियनमध्ये विचारलं, तुम्ही खेळता का? म्हणाल्या, नाही, सांग-ह्योकला बघायला आले. गावातल्या कुणाच्या मुलाचं नाव घ्यावं तसं घेतलं त्यांनी.

इथे हे असं का आहे, त्याला मागची गोष्ट आहे. १९९७ च्या आर्थिक संकटात असंख्य लोकांच्या नोकऱ्या गेल्या. पुष्कळांनी उरल्या पैशांतून 'पीसी बांग' उघडले, म्हणजे तासावर पैसे घेणारी संगणकाची दुकानं. त्याच सुमारास सरकारनं देशभर वेगवान इंटरनेट पसरवलं, आणि १९९८ ला स्टारक्राफ्ट हा खेळ आला. टीव्हीवर खेळाच्या वाहिन्या आल्या, २००० ला ईस्पोर्ट्सची राष्ट्रीय संघटना झाली. फेकर वाढला तो या सगळ्याच्या कुशीत.

पण सगळं आलबेल होतं असं समजू नका. २०११ च्या नोव्हेंबरात इथे कायदा आला: सोळा वर्षांखालच्या मुलांना रात्री बारा ते सकाळी सहा ऑनलाइन खेळायला बंदी. फेकर तेव्हा पंधराचा होता. दहा वर्षांनी तो कायदा रद्द केला. कोरियन आईवडीलसुद्धा आपल्यासारखेच धास्तावलेले असतात, अजूनही.

---

नाशिकची_आई | ११ नोव्हेंबर २०२५

नमस्कार. मी इथे एरवी पाककृती वाचायला येते. मुलगा अकरावीत आहे. सायन्स सोडायचं म्हणतो, "फेकरनं पण सोडली होती शाळा" हे वाक्य रोज ऐकते. तो मोबाईलवर खेळतो, तुमचा तो खेळ नाही. पण फोनच्या भिंतीवर चित्र याचंच आहे. मी रागावून दोन महिने वायफाय बंद ठेवलं, तर तो मित्राकडे जाऊन बसतो आणि घरी बोलत नाही. मला खरंच समजून घ्यायचंय. यात काही भविष्य आहे का? आणि मी त्याला काय म्हणू?

---

कृष्णाकाठ | ११ नोव्हेंबर २०२५

ताई, मी सांगलीचा. मी हे करून बसलोय, म्हणून बोलतो.

बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला असताना पबजी मोबाईल खेळायचो, चांगला खेळायचो. २ सप्टेंबर २०२० ला बंदी आली. वर्षभर थांबलो. २०२१ च्या जुलैत बीजीएमआय, म्हणजे त्याच खेळाची भारतीय आवृत्ती, आलं तेव्हा एका संघानं घेतलं. नवी मुंबईत दोन खोल्यांचा फ्लॅट, पाच खेळाडू, दुपारी दोनपासून स्क्रिम, म्हणजे सराव सामने, रात्री जुने डाव बघायचे, पहाटे चारला झोप. पगार कबूल केला होता तो दोन महिने आला. पुढचे चार महिने "येतोय, येतोय". करार इंग्रजीत, आम्ही कुणी नीट वाचला नव्हता. मग २८ जुलै २०२२ ला संध्याकाळी खेळच दुकानातून गायब झाला. ॲप स्टोअरवर शोधत होतो आणि सापडेना. त्या रात्री फ्लॅटमध्ये कोणी कोणाशी बोललं नाही. पंधरवड्यात सामान आवरून सांगलीला आलो. खेळ परत आला २०२३ च्या मे महिन्यात, तोवर माझे हात मागे पडले होते आणि नवी पोरं आली होती.

फेकर रडत होता तेव्हा त्याच्या पायाखाली जमीन होती. संघ होता, प्रशिक्षक होता, स्पर्धा पुढच्या वर्षी होणार हे नक्की होतं. आमची जमीनच दोनदा काढून घेतली. तुमच्या मुलाला हा फरक सांगा.

मात्र मला ती वर्षं फुकट गेली असं अजिबात वाटत नाही. मी सध्या वडिलांच्या मेडिकलमध्ये बसतो आणि शनिवार-रविवार स्पर्धांचं मराठीतून समालोचन करतो. त्याचे पैसे वेळेवर येतात. डिग्री नंतर बाहेरून पूर्ण केली. आधीच केली असती तर त्या दोन वर्षांत आईचा जीव टांगणीला लागला नसता.

---

मिडलेन_मराठी | ११ नोव्हेंबर २०२५

कृष्णाकाठ, तुझं वाचून बराच वेळ काही सुचलं नाही. लिहिल्याबद्दल मनापासून आभार.

ताई, "फेकरनं शाळा सोडली" हे वाक्य अर्धं आहे. क्रम बघा. आधी तो देशाच्या यादीत अगदी वर पोचला. तोही अशा देशात, जिथे प्रत्येक गल्लीत पीसी बांग आहे. मग एसके टेलिकॉमसारख्या कंपनीचा संघ चालून आला. मग शाळा सुटली. शाळा सोडून तो खेळायला लागला नाही. तुमच्या मुलाला विचारा, आज तो त्याच्या खेळात नेमका कितवा आहे? आकडा सांगता आला पाहिजे. हा अपमान नाही, प्रत्येक प्रो खेळाडूला हा आकडा झोपेतही माहीत असतो.

आपल्याकडेही घडतंच नाही असं नाही. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत ईस्पोर्ट्स प्रदर्शनीय खेळ होता. फेकरच्या कोरियाला तिथे रौप्य मिळालं. त्याच स्पर्धेत भुजच्या तीर्थ मेहतानं हार्थस्टोन या खेळात भारतासाठी कांस्य आणलं. आणि या ऑगस्टच्या नव्या कायद्यानं पैशाच्या खेळांवर बंदी घालताना ईस्पोर्ट्सला वेगळा खेळ म्हणून मान्यता दिली आहे. जुगार आणि हे एकच, असं निदान आता कोणी म्हणू शकणार नाही.

---

फिजिओ_पुणे | ११ नोव्हेंबर २०२५

शरीराबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. २०२३ च्या जुलैत हाताच्या दुखण्यामुळे फेकर सुमारे महिनाभर बाहेर होता. तो नसताना टी१ नं आठपैकी एकच सामना जिंकला. तो परतला आणि नोव्हेंबरात तेच जगज्जेते.

माझ्याकडे सोळा ते बावीस वयाची मुलं येतात. मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूला कळ, करंगळीत मुंग्या, मान पुढे आलेली. मिनिटाला शेकडो क्लिक, मनगट टेबलाच्या कडेवर दाबलेलं, आणि दुखलं तरी "हा एक डाव संपू दे". मुंग्या येणं ही मज्जातंतूची तक्रार असते. थकवा समजून ती सोडून देऊ नका. दर तासाला पाच मिनिटं उठणं, कोपराला आधार, खांद्याच्या आणि बोटं उघडणाऱ्या स्नायूंचा व्यायाम. मोबाईलवर खेळणाऱ्यांचे अंगठे आणि मान आधी जातात.

ताई, तुमच्या मुलाच्या हाताला मुंग्या येतात का, एवढं मात्र आजच विचारा.

---

तिसरी_घंटा | १२ नोव्हेंबर २०२५

सगळे एकाच सुरात बोलताहेत म्हणून वेगळं मत मांडतो. फेकर महान आहे, मान्य. पण २०२३ च्या हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेतल्या सुवर्णाचं काय? उपांत्य आणि अंतिम सामना खेळला कोरियाचा दुसरा मिड खेळाडू चोवी. हा बाकावर. आणि सैनिकी सेवेतून सूट दोघांना सारखीच. शिवाय यंदाच्या अंतिम सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू टी१ चाच गुमायुसी होता, २०२३ चा टी१ चाच झ्यूस. तरी मथळे याच्याच नावाचे. बाकीच्या चार पोरांवर हा अन्याय नाही का?

---

हान_नदीकाठी | १२ नोव्हेंबर २०२५

सैनिकी सेवेचं सांगते, कारण इथे तो फार हळवा विषय आहे. प्रत्येक धडधाकट मुलाला साधारण दीड वर्ष जावंच लागतं. ऑलिंपिकचं कुठलंही पदक किंवा आशियाई स्पर्धेचं सुवर्ण मिळालं तर तीन आठवड्यांचं प्राथमिक प्रशिक्षण आणि ५४४ तासांची समाजसेवा एवढ्यावर भागतं. ज्या खेळात विशी उलटली की उतार म्हणतात, तिथे दीड वर्ष म्हणजे कारकिर्दीचा शेवट. फेकर तेव्हा सत्तावीसचा होता आणि तिथे तापानं आजारी पडला होता. तो संघात होता, साखळीत खेळला, नियम सगळ्या संघाला सारखा. माझ्या ऑफिसातले सेवा करून आलेले मुलगेसुद्धा याच्याबद्दल खळखळ करत नाहीत. इतर काही खेळाडूंच्या बाबतीत करताना मी ऐकलंय.

जाता जाता, त्या स्पर्धेत लीगमध्ये आपला भारताचा संघही होता. उपांत्यपूर्व फेरीत व्हिएतनामकडून हरला.

---

मिडलेन_मराठी | १२ नोव्हेंबर २०२५

तिसरी_घंटा, मुद्दा रास्त आहे. गुमायुसीचं नाव मी वर लिहायलाच हवं होतं. त्याच्यासारख्या गड्यांशिवाय शेवटचे तीन चषक नाहीत.

पण २०२४ बघा. टी१ देशाच्या पात्रता फेरीत चौथ्या जागेसाठी केटीशी ३-२ नं कसाबसा सुटला. नाहीतर लंडनला गेलाच नसता. अंतिम फेरीत चीनच्या बीएलजीविरुद्ध १-२ मागे. चौथ्या डावात फेकरनं सायलस घेतला, पाचव्यात गॅलिओ, आणि दोन्ही डाव त्यानं अक्षरशः ओढून आणले. अठ्ठाविसाव्या वर्षी अंतिम सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू. त्याआधी हा मान त्याला मिळाला होता २०१६ ला. आठ वर्षं! यंदाही चौथ्या क्रमांकानंच गेले, आधी एक जादा सामना जिंकून मग मुख्य स्पर्धेत. इतकी वर्षं पुन्हा पुन्हा खालच्या पायरीवरून चढायला तयार असलेला माणूस सोबत असल्यावर बाकीची चार पोरं १-२ च्या वेळी घाबरत नाहीत, असं मला वाटतं. हे आकड्यांत दाखवता येणार नाही.

आणि त्यानं जुलैत करार वाढवलाय, २०२९ पर्यंत. तेहेतीस वर्षांचा होईल.

---

कृष्णाकाठ | १३ नोव्हेंबर २०२५

ॲम्बिशनचं मला जास्त लागलं. मिडला वेळ संपला म्हणून जंगलात गेला, नवीन काम शिकला, आणि तिथून चषक उचलला. त्याच्याबद्दल कोणीतरी वेगळा धागा काढा.

---

नाशिकची_आई | १५ नोव्हेंबर २०२५

सगळ्यांचे आभार. मी सगळा धागा मुलाला वाचून दाखवला. सांगलीच्या दादांचं वाचताना तो मध्येच उठून गॅलरीत गेला. मला वाटलं चिडला. दहा मिनिटांनी आला आणि म्हणाला, करंगळीला मुंग्या येतात कधीकधी. हे त्यानं आजवर सांगितलं नव्हतं. सोमवारी डॉक्टरांकडे जातोय.

त्याचा क्रमांक विचारला. पहिल्यांदा टाळलं, मग सांगितला. मला त्यातलं कळत नाही, पण त्यालाच तो सांगताना अवघडल्यासारखं झालं. बारावी पूर्ण करायची, आणि रात्री साडेदहापर्यंत वायफाय चालू, एवढं सध्या ठरलंय. बघू.

एक विचारायचं होतं. मला त्याच्याबरोबर बसून यातला एखादा सामना बघायचाय. कुठून सुरुवात करू?

---

पाचवा_गडी | १५ नोव्हेंबर २०२५

ताई, २०१७ च्या अंतिम सामन्याचा तिसरा डाव आणि लगेच २०२३ च्या उपांत्य सामन्याचा तिसरा डाव. याच क्रमानं. पहिल्यात डाव संपल्यावर बंद करू नका, कॅमेरा फेकरवर थांबतो तिथवर बघा. नियम कळले नाहीत तरी चालेल, मुलगा सांगेल.

---

नाशिकची_आई | १६ नोव्हेंबर २०२५

काल रात्री बघितले दोन्ही. सव्वाअकरा वाजले. सांगताना त्याचे हात हवेत फिरत होते, लहानपणी किल्ल्याचा नकाशा समजावून सांगायचा तसे. पुढच्या शनिवारी २०१३ चा तो झेडचा डाव दाखवणार म्हणाला.